बंद पडल्यावर कोण येणार?

कराडपासून विट्यापर्यंत आणि साताऱ्यापासून सांगलीपर्यंत ट्रॅक्टरची जेवढी दुकानं आहेत, त्या सगळ्या दुकानांचे मालक, मेस्त्री, पार्टच्या काउंटरवरची माणसं आणि फोन घेणाऱ्या बाया ज्याला नुसत्या खोकण्यावरून ओळखतात, असा या दोन जिल्ह्यांत एकच माणूस आहे. आणि त्या माणसाकडे तीन वर्षं ट्रॅक्टरच नव्हता. हा माणूस म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आमचे दाजी. लोक आधी ट्रॅक्टर घेतात आणि तो बंद पडला की दुकानदाराच्या नावानं शिमगा करतात. दाजींनी शिमगा आधी उरकून घेतला. आणि तो करायला जाताना दर रविवारी गाडी कुणाची, तर माझी. मी इस्लामपूरच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो, पण जिल्ह्याचा भूगोल मला खरा कळला तो दाजींना घेऊन हिंडताना. कुठल्या गावाहून कुठल्या गावाला मेस्त्री किती वेळात पोचतो, हे मला आता नकाशाशिवाय सांगता येतं, आणि या ज्ञानाचा मला आजवर काडीचा उपयोग झालेला नाही.

दाजींचं गाव उंब्रजला लागूनच. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढून आले, पण त्यांच्या फौजेतल्या गोष्टी ऐकायला बसणाऱ्याची निराशा ठरलेली. त्यांत बंदूक नाही की शत्रू नाही. दाजी होते गाड्यांच्या वर्कशॉपात, पार्टच्या स्टोअरला. कुठलं बेअरिंग कुठल्या फळीवर, कुठल्या डब्यात, हे ते आजही डोळे मिटून सांगतील. गंमत अशी की एवढ्या वर्षांत त्यांनी हजारो पार्ट दिले, बसवला एकही नाही. त्यांच्या हातात पाना दिला तर नवरदेवानं कट्यार धरावी तसा धरतात. दिलाय म्हणून धरायचा, वापरायचा प्रश्नच नाही. त्यांची युद्धकथा एकच. वर डोंगरात कुठंतरी एक कोरी करकरीत गाडी एका रबरी रिंगेपायी आख्खा हिवाळा बर्फात उभी राहिली, ती. मी ती शंभरदा तरी ऐकली असेल. दर खेपेला बर्फ थोडं वाढतं आणि रिंग थोडी लहान होते. गोष्ट संपली की दाजी चष्मा पुसतात आणि म्हणतात, "पावणं, नवी असताना समदीच गाडी चांगली असती. बंद पडल्यावर कोण येणार, त्येवढं सांगा."

हा प्रश्न त्यांनी गाड्यांपुरता ठेवला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण छत्री घ्यायला गेले तरी दाजी दुकानदाराला आधी छत्री दुरुस्त करणाऱ्याचं घर विचारतात. स्टँडवर मिसळ खायला बसलो की ऑर्डर द्यायच्या आधी, दुसऱ्यांदा रस्सा वाढायला कोण येणार हे विचारून त्याचा चेहरा नीट बघून ठेवतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा दाजी सुट्टीवर होते, म्हणून मुलगी बघायला वडीलधारे तेच. पोहे झाले, मुलीनं नाव, शिक्षण सांगितलं, सगळं कसं गोडीगुलाबीनं चाललेलं, आणि दाजींनी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना विचारलं की मुलगी चांगलीच आहे, त्यात बोलायचं काम नाही, पण उद्या दोघांचं बिनसलं तर समजूत घालायला तुमच्याकडून कोण येणार आणि किती वेळात? मी खाली मान घालून सतरंजीचे पट्टे मोजायला लागलो. पण सासरेही वस्ताद. त्यांनी शांतपणे सांगितलं, मुलीची आत्या येईल, दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं. दाजींनी मान डोलावली आणि सोयरीक पक्की झाली. ती आत्या आजवर चारदा आली, चारही वेळा पहिल्या एसटीनं, आणि चारही वेळा मलाच झापून गेली.

पण ट्रॅक्टर खरं तर दाजींना नको होता, अक्काला हवा होता. अक्का म्हणजे माझी बहीण. दाजी फौजेत असताना चार एकर ऊस तिनं एकटीनं सांभाळला. बैल होते तोवर निभावलं. ते गेल्यावर सगळी भिस्त भाड्याच्या ट्रॅक्टरवर. ऊस कमरेला आला की त्याच्या बुडाला दोन्ही बाजूंनी माती चढवावी लागते, त्याला आमच्याकडे भरणी म्हणतात. मोठं धूड उभ्या उसात शिरत नाही. दोन सऱ्यांच्या मधून चालतो तो छोटा ट्रॅक्टर, आणि तोही ऊस छातीला लागायच्या आत. म्हणजे सगळ्या गावाला तो एकाच पंधरवड्यात पाहिजे, आणि गावात छोटे ट्रॅक्टर दोन, दोन्ही एकाच मालकाचे. अक्का विचारायला गेली की तो म्हणायचा, वहिनी, उद्या. घरात पुरुषमाणूस नाही म्हटल्यावर अक्काचा उद्या सगळ्या गावाच्या मागून उजाडायचा. दोन वर्षं तर तो उजाडलाच नाही आणि बुडाला माती नसलेला ऊस पहिल्या वाऱ्यात आडवा झाला. रिटायर होऊन आलो की पहिल्यांदा आपला ट्रॅक्टर दारात, असा दाजींनी तिला शब्द दिला होता. त्याला तीन वर्षं झाली. या वर्षी उसाची लागण झाली त्या दिवशी अक्का बांधावर कमरेला पदर खोचून उभी राहिली आणि माझ्यादेखत म्हणाली, "आवं, ह्या भरणीला ट्रॅक्टर न्हाई आला तर मी रान वाट्यानं देणार. माझ्यानं आता कुणाच्या दारात उभं ऱ्हावत न्हाई." रान वाट्यानं द्यायचं म्हणजे दुसऱ्यानं ते कसायचं आणि आपण पाहुण्यासारखं बांधावरून बघायचं. त्या रानाला हात न लावता अक्का कशी जगेल हे मला कळेना, आणि दाजींनाही कळत नसावं. त्यांनी खिशातली डायरी काढली आणि मला म्हणाले, रविवारी लवकर या.

दाजींच्या तोंडात कंपनीचं नाव कधी येत नसे. त्यांच्या लेखी कंपन्या नव्हत्याच. विट्यावाला, साताऱ्यावाला, सांगलीवाला, कराडवाला, इस्लामपूरवाला अशी माणसं होती. शोरूमची रीत तुम्हाला माहीत असेल. काचेच्या दारातून आत गेलं की मधोमध नवा ट्रॅक्टर झेंडूच्या माळा घालून उभा असतो आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला एक गृहस्थ ताकद, लिफ्ट, डिझेल, सीट असं सुरू करतो. दाजी त्या ट्रॅक्टरकडे ढुंकूनही बघत नसत. लग्नाच्या मांडवातून थेट आचाऱ्याकडे जाणाऱ्या माणसासारखे ते मागच्या दारानं वर्कशॉपात जायचे. तिथं पार्टच्या काउंटरवर एखादा फिल्टर नाहीतर ऑईल सील मागायचे, माणूस आत गेला की घड्याळ बघायचे, आणि तो पार्ट घेऊन आला की "असू द्या, ठेवा परत" म्हणून डायरीत मिनिटं लिहायचे. ज्या फळीवरून पार्ट आला तिच्यावर धूळ किती, याचाही रकाना होता. चहाबद्दल त्यांचा एक सिद्धांत होता: ज्याच्याकडं चहा लगेच येतो, त्याच्याकडचा मेस्त्री उशिरा येतो. सांगलीच्या दुकानात आम्ही बसायच्या आधीच चहा आला, वर बिस्किटंही आली. दाजी तिथून न पिता उठले. मी पिऊन उठलो. फुकटचा चहा सोडण्याइतकी माझी तत्त्वं पक्की नाहीत.

खरी परीक्षा फोनची. दाजी दसऱ्याला फोन करायचे, गावच्या यात्रेदिवशी करायचे, क्रिकेटचा शेवटचा सामना चालू असताना करायचे, आणि भर दुपारी माणसाचा पहिला घास तोंडाशी आला असेल अशा बेतानं करायचे. ट्रॅक्टर बंद पडलाय, मेस्त्री कधी येतोय? पलीकडून ट्रॅक्टरचा नंबर विचारला की दाजी नंबर सांगत. तो त्यांनी त्याच शोरूममधल्या माळा घातलेल्या ट्रॅक्टरचा पाठ केलेला असे. साताऱ्यावाला चिडला, विट्यावाला हात जोडून मोकळा झाला. विट्याच्या फोनवरची बाई मात्र भली. ती पुढं पुढं, काका आज काय बंद पडलंय, असं आपणहून विचारायची आणि खोकल्याला ज्येष्ठमध सांगायची. मी दाजींना म्हणालो, अहो, लोक आपल्याला वेडे म्हणतात. दाजी म्हणाले, म्हणू देत, येतात का ते बघा.

आणि एकजण खरंच आला. बेंदराचा दिवस होता, वरून पावसाची रिपरिप. त्या सणाला आमच्याकडे बैलांना न्हाऊ घालून, रंगवून मिरवतात. ज्यांचे बैल गेले त्यांच्या घरी निदान पोळ्या तरी होतातच. अशा दिवशी कुठला मेस्त्री घर सोडणार? दाजींनी ओळीनं सगळ्यांना फोन केले, सगळ्यांनी उद्या म्हणून सांगितलं. पण दुपारी दीडला इस्लामपूरहून जाड भिंगाचा चष्मा घातलेला, पन्नाशीतला एक मेस्त्री मोटरसायकलवरून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर भिजत दारात येऊन उभा राहिला आणि ट्रॅक्टर कुठंय म्हणाला. दाजींचा चेहरा असा उजळला की विचारू नका. त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि सांगितलं की ट्रॅक्टर नाही, पण तुम्ही पास झालात. मेस्त्री घरातली ताटावरची पोळी टाकून आला होता. त्याच्या हातात जाड पाना होता आणि मी दोन पावलं मागं सरकलो. तेवढ्यात अक्का बाहेर आली, तिनं त्याला टॉवेल दिला, पाय धुवायला पाणी दिलं, आणि खाली मान घालून म्हणाली की ह्यांचं असंच असतं, तुम्ही आधी जेवून घ्या. मेस्त्री तीन पोळ्या खाऊन गेला. जाताना अक्कानं त्याचा नंबर मात्र मागून घेतला. मला वाटलं, माफी मागायला घेत असेल.

इस्लामपूरचा ट्रॅक्टर घ्यायचा हे असं ठरलं. तो कुठल्या कंपनीचा, किती ताकदीचा, हे दाजींनी नंतर माझ्याकडून वाचून घेतलं. दुकानाचा मालक हबकला. म्हणाला, तुमचा तालुका आमच्याकडे येत नाही, तुम्हाला कराड जवळ आहे. दाजी म्हणाले, कराड जवळ आहे पण आलं नाही, तुम्ही लांब असून आलात. मालकानं मग दसऱ्याचा मुहूर्त सुचवला, कारण सगळं जग त्या दिवशी नेतं. दाजींनी तिथंच कपाळाला आठ्या घातल्या. दसऱ्याला तुमच्या दारात पन्नास माणसं. माझ्या गाडीचा नट आवळला की नाही कोण बघणार? आणि त्यांनी दिवस निवडला तो पितृपंधरवड्यातला! पितरांच्या त्या पंधरा दिवसांत आमच्याकडे कुणी नवी चप्पल घेत नाही. अक्कानं डोक्याला हात लावला, भावकीनं येऊन समजावलं, दुकानदारानं स्वतः विनवलं. दाजींचं एकच म्हणणं: त्या पंधरवड्यात गिऱ्हाईक नाही, म्हणजे सगळे मेस्त्री रिकामे. आणि खरंच, त्या दिवशी वर्कशॉपातले सातही मेस्त्री त्या एका ट्रॅक्टरभोवती नट तपासत उभे होते. अक्कानं ट्रॅक्टर दारात घेतला, पण कुंकू लावलं ते घट बसल्यावरच. तोवर तो बिचारा गोठ्यात पोत्यांखाली झाकून ठेवला होता, नको त्या वेळी आलेल्या जावयासारखा.

चालवायला शिकली अक्का. दाजींना ते जमेना. गिअर टाकायच्या आधी ते तीनदा मागं बघत, आणि तोवर ट्रॅक्टर बंद पडे. अक्का आठ दिवसांत असा चालवायला लागली की बघत राहावं.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिकडे गेलो तेव्हा भरणी सुरू होत होती. ऊस कमरेच्या जरा वर, म्हणजे फार तर आठवडा हातात. अक्का ट्रॅक्टरवर, आम्ही दोघं बांधावर. पहिली सरी झाली, दुसरी झाली, आणि तिसऱ्या सरीत निम्म्यावर ट्रॅक्टर दोनदा खोकून गप्प झाला. अक्कानं परत चावी फिरवली. नाही. दाजी उसातून पळत गेले, बॉनेट उघडलं, आतल्या प्रत्येक पार्टचं नाव त्यांनी आम्हाला नंबरासकट सांगितलं, आणि नेमकं काय झालंय ते काही त्यांना सांगता येईना.

मग त्यांनी दुकानाला फोन लावला. फोनवरची बाई म्हणाली, काका, आता ट्रॅक्टर घेतला की, अजून परीक्षा चालूच का? दाजींनी ट्रॅक्टरचा नंबर सांगितला. ती हसायला लागली. तुमचे असले नंबर ट्रॅक्टर घ्यायच्या आधीपासून आम्हाला पाठ आहेत, म्हणाली. दुसऱ्यांदा लावला तर मालक स्वतः बोलला आणि दिवाळीच्या शुभेच्छा देऊन त्यानं फोन ठेवला. तिसऱ्यांदा कुणी उचललाच नाही. दाजी घामाघूम झाले. कधी नव्हे ते त्यांचा आवाज चढला, मग बसला. तीन वर्षं ज्याच्यासाठी धडपड केली तो दिवस आला होता, आणि सगळ्या जिल्ह्यात त्यांच्या एकट्याच्या शब्दावर कुणाचा विश्वास नव्हता. मी एरवी अशा वेळी टोमणा मारायचा सोडत नाही. त्या दिवशी मीही उगाच बॉनेटमध्ये डोकावून बघितलं.

तेवढ्यात भाड्याच्या ट्रॅक्टरचा मालक रस्त्यानं चालला होता, तो थांबला. पितरांत आणलेला ट्रॅक्टर आहे, असं होणारच, म्हणाला. आणि मग अक्काकडे वळून, सवयीनं, वाईट हेतू नसेल, पण म्हणाला, "वहिनी, काळजी करू नका. उद्या येतो मी."

अक्कानं पदरानं तोंड पुसलं, स्वतःचा फोन काढला आणि त्या चष्मेवाल्या मेस्त्रीचा नंबर लावला. "भाऊ, बेंदराला जेवून गेलासा न्हवं, त्या घरनं बोलतीया. ट्रॅक्टर उसात उभा हाय." पलीकडून त्यानं फक्त डिझेलचा वास येतोय का विचारलं. येतोय, खाली ठिबकतंय, अक्का म्हणाली. आता चावी फिरवू नका, निघालोच, असं म्हणून त्यानं फोन ठेवला. कुणाचा ट्रॅक्टर, कुठला नंबर, काही नाही.

सव्वा तासात तो आला. डिझेलच्या पाइपला बारीक चीर गेली होती, त्यातून इंजिन हवा ओढत होतं. त्यानं पाइप बदलला, हवा काढली, चावी फिरवली आणि ट्रॅक्टर सुरू झाला. जायच्या आधी दाजींना तो एवढंच म्हणाला की फौजी, पुढच्या वेळी फोन वहिनींनाच करू द्या, तुमचा आवाज ऐकला की दुकानात सगळे चहाला जातात. दाजींनी मान डोलावली. रागावतील असं वाटलं होतं, पण ते मेस्त्रीची मोटरसायकल रस्त्याला लागेपर्यंत बघत उभे राहिले आणि येऊन माझ्याशेजारी बांधावर बसले. अक्का चौथ्या सरीत शिरली होती.

ट्रॅक्टरकडे बघतच म्हणाले, "पावणं, मी तिकडं हुतो तवा एकदा तिचा फोन आलता. हिरीवरची मोटर जळली, ऊस वाळाय लागलाय, काय करू म्हणून. मी म्हणलं, बघतो. तितनं मी काय बघणार हुतो? एकदा सासूबाई गेल्या तवा बी तसंच. अठ्ठावीस वरसांत तिनं हाक मारली आन् मी येळंला आलो, आसं एकदा बी झालं न्हाई. तवाच ठरीवलं हुतं, घरात काय बी आणीन ते तिच्या हाकंला येणारं आणीन."

सासूबाई म्हणजे माझी आई. तिच्या वेळी सगळं अक्कानंच केलं होतं, आणि दाजी दहाव्यालाही पोचले नव्हते म्हणून आम्ही भावंडांनी त्यांना मनातल्या मनात बोल लावला होता. तीन वर्षं मी या माणसाला गाडीत घालून हिंडवलं, शिक्षकांच्या खोलीत त्याच्या नकला केल्या, लोकांना हसवलं, आणि तो कशासाठी हिंडतोय हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. मला स्वतःची लाज वाटली, आणि दाजींबद्दल इतकी माया आली की त्यांच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं. पण दाजी ते दाजी, असल्या गोष्टी त्यांना चालत नाहीत.

पलीकडच्या टोकाला अक्कानं ट्रॅक्टर थांबवला आणि इंजिन चालूच ठेवून हात वर केला. इतक्या लांबून काय हवंय ते कळायला मार्ग नव्हता. दाजी ताडकन उठले आणि उसातून पळत सुटले. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस. एक चप्पल ढेकळात तशीच राहिली, तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. धापा टाकत तिच्यापाशी पोचले. अक्का काहीतरी बोलली आणि हसली. बिघडलं काही नव्हतं. तिला प्यायला पाणी पाहिजे होतं, आणि पाण्याची कळशी, तांब्या इकडे माझ्याजवळ. दाजी तिथून मागं वळले आणि तसेच एका चपलेनं परत पळत यायला लागले. मी तांब्या भरून निघालो होतो, अर्ध्या वाटेवर गाठून त्यांच्या हातात देणार होतो. मग पुन्हा खाली बसलो. म्हटलं, त्यांचे ते येऊ देत.